मॉरिशस ट्रिप : 'व्हिसा लागत नाही' वरून ग्रुपवर झालेली चर्चा

वैशाली बी-204 : सगळ्यांना नमस्कार. राग आलाय म्हणून सरळच लिहिते. कोणीतरी इथे टाकलेल्या लिंकवर मी आमच्या चौघांचा मॉरिशसचा फॉर्म भरला आणि माणशी दोन हजार कापले गेले. आज कळतंय की तो फॉर्म सरकारी साईटवर फुकट आहे. आठ हजार गेले. लिंक कोणी टाकली ते मी विचारत नाही, सगळ्यांना माहीत आहे

सुधीर काका ए-101 : व्हिसा लागत नाही. माझा साडू जाऊन आला.

वैशाली बी-204 : काका व्हिसाचं मी बोलतच नाहीये. आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही हे बरोबर, उतरल्यावर शिक्का मारतात. पण परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चाला पैसे आहेत हे दाखवावं लागतं. आणि निघायच्या आधी ऑल-इन-वन ट्रॅव्हल डिजिटल फॉर्म भरायचा, तो फुकट

मंदार सी-302 : लिंक मी टाकली होती वहिनी. चांगल्या मनाने टाकली. मला पण फॉरवर्डच आली होती, सॉरी

शुभदा काकू ए-103 : चांगल्या मनाने गेल्या वर्षी गणपतीपुळ्याचा हिशोब पण झाला होता, तो अजून आलेला नाही

मंदार सी-302 : काकू तो विषय इथे नको प्लीज

सेक्रेटरी : कृपया विषयाला धरून बोला. पाण्याची मोटर कोणी बंद केली का? टाकी वाहतेय.

शुभदा काकू ए-103 : बरं ट्रिपचंच विचारते. मी हापूसची एक पेटी घेऊन जाणार आहे, तिकडे आपली मराठी माणसं आहेत म्हणतात, त्यांना द्यायला

वैशाली बी-204 : नाही हो काकू. ताजी फळं, रोपं, बिया परवान्याशिवाय नेता येत नाहीत. विमानतळावर काढून घेतील. आणि सुकं खोबरंही बॅगेत नको. त्यात तेल असतं, आपोआप पेट घेऊ शकतं म्हणून विमानात धोकादायक मालात धरतात. लाडूत घातलेलं चालतं पण अख्ख्या वाट्या नकोत

शुभदा काकू ए-103 : मग नेऊ तरी काय, कपडेच?

मंदार सी-302 : कपडे पण प्लास्टिकच्या पिशव्यांत नको काकू, तिकडे 2016 पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे 😄

सुधीर काका ए-101 : व्हिसा लागत नाही. दोनदा सांगितलं.

बाबल्या भाऊ सी-101 : आनी समुद्रात जाताना बूट घालूक सांगतंत म्हणे. माका समुद्र काय शिकवतंत, माझो जन्म मालवणात गेलो

वैशाली बी-204 : भाऊ तुम्हाला शिकवायची माझी काय टाप. पण तिथे बेटाभोवती पोवळ्यांचे खडक आहेत, तळाला सी अर्चिन म्हणजे काटेरी समुद्री प्राणी असतात, त्यांचे काटे पायात मोडले की ट्रिप संपली. रबरी बूट घ्या, आपल्याकडे बाजारात मिळतात. आणि शंख, शिंपले, पोवळं उचलून आणायचं नाही, परत येताना पकडतात

बाबल्या भाऊ सी-101 : बरा. घेतंय बूट.

प्रिया बी-301 : मला एक सांगा, मालदीवच का नाही? जवळ पडतं. तिथे पण आधी व्हिसा लागत नाही

वैशाली बी-204 : त्यावर मागच्या महिन्यात दोन तास बोलून झालंय प्रिया. तिथेही निघायच्या 96 तासांच्या आत फॉर्म भरायचा असतो. आणि पूजेच्या मूर्ती नेता येत नाहीत. सासूबाई बाळकृष्ण घरी ठेवून येणार नाहीत, मी विचारून बघितलंय

सुधीर काका ए-101 : व्हिसा

सेक्रेटरी : काका कळलं. 🙏

वैशाली बी-204 : मला खरी काळजी आमच्या आप्पांची आहे म्हणून सगळ्यांना सांगते. काल त्यांच्या स्टीलच्या डबीत बघितलं तर सहा प्रकारच्या गोळ्या, एकही पट्टी नाही, पांढऱ्या गोल कुठल्या आणि पांढऱ्या लांबट कुठल्या ते फक्त आप्पांनाच ठाऊक. त्यात झोपेची गोळी पण आहे. तिकडे झोपेच्या, गुंगीच्या आणि कडक वेदनाशामक गोळ्यांना त्यांच्या आरोग्य खात्याची आधी परवानगी लागते. बाकीच्या पण पट्टीसकट आणि डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसकट न्या. ज्यांच्या घरी वयस्क आहेत त्यांनी आजच डबी उघडून बघा, हात जोडून सांगते

शुभदा काकू ए-103 : हे बरं सांगितलंस गो. ह्यांच्या पण तशाच आहेत डबीत.

मंदार सी-302 : वहिनी फॉर्मची खरी लिंक मी शोधून तपासून टाकतो, माझी चूक आहे

वैशाली बी-204 : टाक. आणि पासपोर्ट सगळ्यांनी बघा, निदान सहा महिने शिल्लक असू देत, काउंटरवर वाद नको. जुलैत तिकडे थंडी असते, स्वेटर घ्या, गंगा तलाव, म्हणजे तिथलं तीर्थक्षेत्र, उंचावर आहे तिथे वारा लागतो. तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग पण लागेल. घड्याळ दीड तास मागे

प्रिया बी-301 : मुंबईला कसं जायचं? तुतारी एक्सप्रेसने गेलो की सकाळी दादरला

वैशाली बी-204 : पावसाळ्यात तुतारीच्या भरवशावर विमान नको ग. दरड आली की बसलो रत्नागिरीतच. एक दिवस आधी जाऊन राहू, खर्च होईल पण जीव थाऱ्यावर राहील

शुभदा काकू ए-103 : राहायचा खर्च परत मंदारच्याच हिशोबात?

मंदार सी-302 : काकू 😔 रविवारी वही घेऊन येतो घरी

नाना ए-202 : मी सगळं वाचतोय. मला पोर्ट लुईसला आप्रवासी घाट बघायचा आहे. 1834 पासून उसाच्या मळ्यांसाठी करारावर नेलेले आपले मजूर तिथे उतरत होते, मुंबई बंदरातून आपल्या रत्नागिरीचे पण पुष्कळ गेले. आमच्या पणजोबांचे थोरले भाऊ गेले ते परत आले नाहीत. पणजी गणपतीत एक पान त्यांच्या नावाने वाढायची.

वैशाली बी-204 : नाना हे तुम्ही कधी बोलला नाहीत. मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, मजुरांच्या जुन्या नोंदी तिथे ठेवल्यात. नाव, बापाचं नाव, गाव असं असतं त्यात, काहींचे फोटो पण. तुम्हाला काय माहीत आहे तेवढं द्या, मी आधी मेल करून विचारते, एक दिवस मोकळा ठेवू

शुभदा काकू ए-103 : ठेवा हो नक्की. शॉपिंगचा दिवस काढा त्यासाठी

बाबल्या भाऊ सी-101 : मीय येतंय नाना तुमच्यावांगडा

सेक्रेटरी : मोटर बंद केली मी.

नाना ए-202 : नाव धोंडू. बापाचं नाव राघो. गाव हर्णै. साल घरात कोणाला माहीत नव्हतं. डाव्या कानाला भोक होतं एवढं पणजी सांगायची.