मदत हवी आहे : कोईचा हौद चालू ठेवू की बंद करू? मन पार उडालंय

आसावरी_नाशिक

नमस्कार मंडळी. प्रश्न माशांच्या औषधाचा नाही, त्यामुळे कुठल्या विभागात टाकावा ते कळेना. चुकीच्या जागी असेल तर संपादकांनी हलवावा.

घरामागे कोई या रंगीत जपानी माशांचा नऊ हजार लिटरचा सिमेंटचा हौद आहे, साडेचार फूट खोल. लॉकडाउनमध्ये बांधला. आधी चेन्नईकडून येणारी साधी पिल्लं आणली, मग हळूहळू हौस वाढत गेली. दोन कोहाकू, एक सांके, एक शोवा, एक पिवळाधमक ओगोन आणि एक चागोई, सगळे कोईचेच प्रकार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, चागोई म्हणजे चहाच्या रंगाचा, दिसायला अगदी साधा मासा. प्रदर्शनात कुणी त्याच्याकडे वळूनही बघणार नाही. पण हातातून खायला सगळ्यांत आधी तोच येतो आणि त्याचं बघून बाकीचे धीट होतात. पाहुणे आले की आमच्याकडे आधी चागोईची भेट, मग चहा.

गेल्या मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, वादळात तारा तुटल्या आणि रात्रभर वीज नव्हती. इन्व्हर्टरवर घरातले पंखे होते आणि हौदाची मोटर, एअर पंपही होता. बॅटरी मध्यरात्रीनंतर कधीतरी संपली. सकाळी मोठे सगळे गेलेले होते. चार लहान तेवढे वाचले, पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते. पाणी तपासलं तर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, पीएच ८. म्हणजे पाणी चांगलंच होतं, हे बघून जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर पावसाळ्यात पीएच घसरला, उरलेल्यांपैकी एकाच्या अंगावर जखम झाली. खडेमिठाचं पाणी, वेगळी टाकी, रोज जखम बघणं, सगळं केलं. तो बरा झाला. आणि मला काहीच वाटलं नाही. आनंद नाही, हुश्श नाही. त्या दिवशी लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय.

आता हौदाकडे जाणं म्हणजे हजेरी लावणं. फिल्टरचे ब्रश धुते, पाणी बदलते, दाणे टाकते आणि मागे न बघता घरात येते. पूर्वी तिथे खुर्ची टाकून तासन्‌तास बसायचे. रात्री पंखा थांबला की छातीत धस्स होतं, मग वीज येईपर्यंत झोप नाही. गणपतीला सासरी राजापूरला गेलो तर माझं सगळं लक्ष फोनवर. शेवटी दीड दिवसाचा गणपती झाल्यावर मी एकटी परत आले, बाकीचे राहिले.

नणंद म्हणाली, "मासेच ना गं? बाजारात मिळतात की." तिच्या मनात वाईट नव्हतं. पण कुत्रा गेला असता तर चार माणसं भेटायला आली असती. ह्यांनी तर आठवड्याभरात नवीन माशांचे फोटो दाखवायला सुरुवात केली. ते बघून मला रडू आलं आणि ते बिचारे गोंधळून गेले.

तर प्रश्न असे. छंदाचा असा वीट येतो का कुणाला? थोडं थांबून परत सुरू केलेलं कुणी आहे का? चार मासे द्यायचे ठरवले तर कुणाला द्यावेत? आणि हौद मोकळा केला तर त्याचं काय करतात?

एक विनंती : "नवीन मासे आणा, बरं वाटेल" एवढं मात्र लिहू नका.

–

खडेमीठ

आसावरीताई, वाचून वाईट वाटलं. मनाचं मला फार कळत नाही, त्यामुळे पाण्याचं बोलतो.

तुमचं पाणी चांगलं होतं आणि मोठे मासे आधी गेले, यावरूनच कळतं की प्राणवायू संपला. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरला जेमतेम ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसात. मे महिन्यात मुळात साठा कमी आणि माशांची गरज जास्त. त्यात रात्री शेवाळही प्रकाश नसल्यामुळे प्राणवायू सोडायचं थांबवून उलट घेऊ लागतं. म्हणून पहाटे चार ते सहा ही सगळ्यांत वाईट वेळ. मोठ्या माशाला जास्त लागतो, तो आधी जातो. औषध, खाणं, तुमची देखभाल यांचा याच्याशी काही संबंध नाही.

आता रात्रीच्या जागरणाबद्दल. ते धीर धरून जाणार नाही, तारा बदलून जाईल. एअर पंप घरच्या इन्व्हर्टरवरून काढा आणि त्याला स्वतःची बॅटरी द्या. हिशोब सोपा आहे : ४० वॅटचा पंप, १२ व्होल्टची १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरी. निम्मीच क्षमता धरली तरी ९०० वॅट-तास होतात. इन्व्हर्टरची घट वजा करूनही पंधरा तास कुठे गेले नाहीत. मोटर बंद राहिली तर रात्रभरात फिल्टरचं थोडं नुकसान होईल, मासे मरणार नाहीत. हवा बंद पडली तर मरतील. म्हणून बॅटरीवर फक्त हवा. शिवाय वीज गेल्यावर वाजणारा भोंगा इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो, तो उशाशी लावा. तो वाजला नाही म्हणजे झोपायला हरकत नाही.

पावसाळ्यात पीएच घसरतो कारण पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात आणि फिल्टरमधले जिवाणू हौदातली अल्कलिनिटी, म्हणजे पीएच टिकवून धरणारे क्षार, रोज खात असतात. खाण्याचा सोडा हजार लिटरला १७ ग्रॅम टाकला की ती लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅमने वाढते. नऊ हजार लिटरला दीडशे ग्रॅम. एकदम ओतू नका, बादलीत विरघळवून, थोडा थोडा.

–

टवाळ_पुणेकर

ताई, मांजर पाळा. मासे दिसले की तिलाच जास्त आनंद होईल. (हलकेच घ्या.)

–

खडेमीठ

@टवाळ_पुणेकर, धागा वाचून मग लिहिण्याची पद्धत आहे इथे.

–

माळरान

मी सोलापूरचा. आमचा हौद तुमच्याहून मोठा होता. मी बंद केला आणि मला अजिबात पश्चात्ताप नाही, हे मुद्दाम सांगतोय. कारण अशा धाग्यांवर शेवटी सगळे "हार मानू नका"वर येतात. अहो, हार कसली? शर्यत होती का?

आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी. कधी विहिरीचं, कधी क्लोरीन मारलेलं, कधी कशाचं ते टँकरवाल्यालाच ठाऊक. दरवेळी क्लोरीन मारायला थायोसल्फेट टाका, दरवेळी तपासा. गल्लीत लोक घागरी घेऊन उभे आणि मी माशांना पाणी बदलतोय, हेही मनाला खात होतं. मासे बार्शीच्या एका हौशी माणसाला दिले. हौदात माती भरलेल्या कुंड्या ठेवून कमळं लावली, डासांसाठी गप्पी मासे सोडले. गप्पी नगरपालिकेच्या हिवताप विभागात विचारले तर बहुतेक ठिकाणी फुकट मिळतात. त्यांना मोटर नको, पंप नको. हौद रिकामा करून तसाच ठेवू नका मात्र, पावसाचं पाणी साचलं की डेंग्यूला आमंत्रण.

परत सुरू करावंसं वाटलं का? नाही. दुसऱ्याच्या हौदावर जाऊन बघायला मात्र आवडतं. तिथे जबाबदारी त्याची.

–

ओजस्विनी

मी मत्स्यशास्त्र शिकले आहे, म्हणून फक्त मासे देण्याबद्दल. कृपया गोदावरीत, गंगापूर धरणात किंवा कुठल्याही तळ्यात सोडू नका. कुणी "मोकळं जीवन मिळेल" म्हणेल, ऐकू नका. कोई म्हणजे रंगीत सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. आपल्याकडचा मूळचा मासा नाही. तळ ढवळून पाणी गढूळ करतो, मूळच्या माशांच्या खाण्यात वाटेकरी होतो आणि बरोबर रोगही नेतो. आणि त्या भडक रंगावर पहिल्याच आठवड्यात ढोकरीचा नाहीतर खंड्याचा डोळा पडेल, ते वेगळंच.

ज्यांना द्याल त्यांचा हौद आधी स्वतः बघून या. माशामागे निदान हजार लिटर पाणी आहे का, हवा वेगळ्या बॅटरीवर आहे का, हे विचारा. आणि त्यांना सांगा की तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवूनच मुख्य हौदात सोडायचे. ही अट ऐकून जो कंटाळा करेल त्याला देऊ नका.

दुसरं, थोडं खाजगी वाटेल. झोप जाणं, बरं झालेलं बघूनही काही न वाटणं, हे फक्त हौदापुरतं आहे की बाकीच्या दिवसातही आहे? जेवण, काम, माणसं? बाकीचंही फिकं वाटत असेल तर डॉक्टरांशी बोला. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ वर फोन लावता येतो, मराठीत बोलता येतं. मासे हे कारण सांगायला लाजू नका.

–

तोक्यो_ते_ठाणे

जरा लांबून येतो, पण विषयाला धरून आहे.

नोकरीमुळे काही वर्षं जपानात होतो. कोई जिथून आले तो भाग म्हणजे निइगाता प्रांतातली यामाकोशी आणि ओजियाची डोंगराळ गावं. डोंगरउतारावर भातखाचरांसारखी तळी. तिथे एक गोष्ट बघितली जी आपल्याकडच्या हौशी लोकांना कुणी सांगत नाही : तिथे या कामाला सुट्टी आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मासे मातीच्या तळ्यांत सोडतात, ऑक्टोबरच्या सुमारास काढतात. हिवाळ्यात बर्फ माणसाच्या डोक्यावर जातो, मासे काचघरांत. छंद म्हणून घरी पाळणारे तर पाणी १० अंशांखाली गेलं की खाणंच बंद करतात. मासे तळाशी गप्प, मालक घरात गप्प. वसंत आला की दोघंही ताजे होऊन पुन्हा भेटतात.

आपल्याकडे काय? बारा महिने पाणी कोमट, बारा महिने मासे भुकेले, बारा महिने फिल्टर घाण. उन्हाळ्यात प्राणवायू, पावसाळ्यात पीएच, थंडीत दिवसा-रात्रीच्या तापमानातला फरक. आपण पुस्तकं त्यांची वाचतो, माणसाला विश्रांती देणारा ऋतू मात्र आपल्याकडे नाही. त्यामुळे आसावरीताई, तुम्हाला आलेला वीट मला स्वभावाचा भाग वाटत नाही, हवामानाचा वाटतो.

मग सुट्टी आपणच ठरवायची. सुदृढ मोठा मासा आठ-दहा दिवस उपाशी राहिला तर त्याला काही होत नाही. राजापूरला जाताना शेजाऱ्याला खायला घालायला सांगूच नका, तो प्रेमापोटी ओंजळभर टाकतो आणि अमोनिया वाढवून ठेवतो. त्याला फक्त हवेचे बुडबुडे येताहेत का एवढं बघायला सांगा. चारच मासे नऊ हजार लिटरमध्ये असतील तर पाणी तपासणंही रोज नको, सगळं स्थिर असेल तर पंधरवड्यातून एकदा पुरे. हौद तुमच्यासाठी आत्ता खूप मोठा आहे, हे खरं तर सोयीचं आहे. नवीन एकही मासा न आणता तो वर्षभर सहज तसा राहू शकतो.

आणि जाता जाता. २३ ऑक्टोबर २००४ ला त्या भागात मोठा भूकंप झाला. यामाकोशीचं सगळं गाव, दोन हजारांहून जास्त माणसं, हलवावं लागलं. तळी फुटली, दरडी कोसळल्या, वीज गेली, पिढ्यान्‌पिढ्या जपलेले मासे मागे राहिले. वाचलेल्यांतले काही नंतर हेलिकॉप्टरने उचलून आणले. पुढे काही घरांनी पुन्हा तळी बांधली, काहींनी कायमचं सोडलं. मी गेलो तेव्हा आमच्या यजमानांनी दोन्ही प्रकारच्या घरांकडे बोट दाखवलं, एकाच सुरात, कुणाला शूर न म्हणता आणि कुणाला बिचारं न म्हणता.

–

टवाळ_पुणेकर

वरचा प्रतिसाद मागे घेतो. धागा आता पूर्ण वाचला. ताई, माफ करा. माझ्याकडे जुना १२ व्होल्टचा एअर पंप पडून आहे, हवा असेल तर कुरियर करतो.

–

आसावरी_नाशिक

सगळ्यांचे आभार. प्रत्येकाला वेगळं लिहायचं होतं, पण एकत्रच लिहिते.

@ओजस्विनी, बाकीचा दिवस ठीक आहे. ऑफिस, जेवण, माणसं, सगळं नेहमीसारखं. फक्त हौद आणि रात्र. रात्रीचं बॅटरीने सुटतं का ते आधी बघते. नाही सुटलं तर फोन करीन, नंबर लिहून ठेवलाय.

@माळरान, तुमचं "शर्यत होती का" ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, मी फोटो दाखवायचे थांबवतो. एवढं जरी झालं तरी धागा काढल्याचं सार्थक.

@तोक्यो_ते_ठाणे, सुट्टीचं डोक्यात आलंच नव्हतं कधी. दाणे टाकणं आता मुलाकडे देतेय. तो सकाळी क्लासला जाताना टाकेल, विसरला तर विसरला. मी रविवारी फक्त ब्रश धुणार. चार मासे सध्या कुणालाच देत नाही, पण नवीनही आणणार नाही. कमळाचा विचार उन्हाळ्यानंतर. तोपर्यंत तुमच्यापैकी कुणी मला "ठरलं का?" असं विचारू नका, ही दुसरी विनंती.

@टवाळ_पुणेकर, पंप चालेल, कुरियरचे पैसे मी देईन. व्यनि (खाजगी निरोप) करते.

@खडेमीठ, दोन शंका. ट्युब्युलर बॅटरी घ्यावी की साधी? आणि ती हौदाजवळच्या शेडमध्ये ठेवली तर मे महिन्यात पत्र्याखाली फार तापेल का? घरात ठेवली तर वायर साठ फूट ओढावी लागेल.

–

खडेमीठ

ट्युब्युलर घ्या, जास्त वर्षं जाते. पत्र्याखाली नको, उष्णतेने बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं आणि डिस्टिल्ड वॉटर सारखं घालावं लागतं. बॅटरी, इन्व्हर्टर आणि एअर पंप, तिन्ही घरात सावलीला ठेवा आणि वायरऐवजी हवेची नळी ओढा. साठ फूट चालतं, फक्त नळी बारीक घेऊ नका, अर्धा इंचाची घ्या. पंप हौदाच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवायचा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं पंपात येतं. तशी जागा नसेल तर मध्ये नॉन-रिटर्न वाल्व्ह टाका.