'स्ट्रेच' झालेलं चित्र: ताणलेलं, फाकलेलं की पसरट?

अनुवादी: मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेचं मराठी चालू आहे. १९२०×१०८० ठिपक्यांच्या (आडवे × उभे) पडद्यावर १२८०×१०२४ रिझोल्यूशन लावलं की चित्र 'स्ट्रेच' होतं. 'ताणलं जातं' लिहिलं तर तपासताना खोडलं गेलं. ताणलं की तुटायला येतं म्हणे!

कानामात्रा: आडवं दीडपट वाढतं, उभं जेमतेम १.०५ पट. वर्तुळाचं अंडं होतं, चेहरे रुंदावतात. 'पसरट' म्हणा. 'फाकलेलं' नको, फाकतात ते पाय.

पिक्सेलपंत: आधी विंडोजमधला उपाय नीट लिहा. डेस्कटॉपवर रिकाम्या जागी राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, डिस्प्ले रिझोल्यूशन, आणि 'रेकमेंडेड' असलेला आकडा. तो यादीतच नसेल तर बहुधा ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणारा भाग चालवणारं सॉफ्टवेअर, बसलेला नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर' दिसेल. अक्षरं बारीक वाटली म्हणून लोक रिझोल्यूशन उतरवतात, तिथेच घोळ होतो. १३६६ ठिपके १९२० वर बसवायचे तर एकाच्या वाट्याला साधारण १.४ येतात. अर्धा ठिपका पेटत नसतो. मग शेजाऱ्यांचे रंग मिसळून भागवतात आणि अक्षरांच्या कडा धुरकटतात. रिझोल्यूशनला हात लावू नका, स्केल, म्हणजे अक्षरं-चिन्हांचा आकार, १२५ टक्के करा.

शुद्धमती: 'रिझोल्यूशन' कशाला? 'विभेदन' आहे की.

पिक्सेलपंत: विभेदन म्हणजे जवळजवळचे दोन बिंदू वेगळे दिसणं. इथे नुसती ठिपक्यांची मोजदाद आहे. २४ आणि ३२ इंची, दोन्ही पडदे १९२०×१०८०. पण इंचाला ठिपके ९२ आणि ६९. विभेदन सारखं कसं?

शुद्धमती: 'महापौर', 'दिग्दर्शक' रुळलेच ना? वापरा म्हणजे रुळेल.

ठाणकापड: वाइडस्क्रीनला, म्हणजे रुंद पडद्याला, 'मोठ्या पन्ह्याचा' का नको? फारसी 'पहना', म्हणजे रुंदी.

शुद्धमती: म्हणजे इंग्रजी हाकलून फारसी आणायची!

कानामात्रा: पन्हा कापडाला. शिवाय १६:९ हे रुंदी-उंचीचं गुणोत्तर आहे, नुसती रुंदी नव्हे. मग २१:९ ला काय, उपरणं म्हणायचं?

अनुवादी: आणि 'स्ट्रेच'चं काय?

ठाणकापड: 'पन्ह्यात ओढलेलं'. नक्षी आडवी पसरते, अगदी तस्संच.

पिक्सेलपंत: पुस्तिकेत टीव्ही जोडण्याचं प्रकरण असेल तर तेही बघा. तिथे चित्र पसरत नाही, कडा कापल्या जातात आणि टास्कबार अर्धा गायब होतो. तो ओव्हरस्कॅन. विंडोजमध्ये शोधू नका, टीव्हीच्याच मेनूत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असतं.

शुद्धमती: ओव्हरस्कॅनला 'काठछाट'.

कानामात्रा: काठही साडीलाच असतो हो.