मदत हवी आहे: कोयासानमध्ये दुपारचे शाकाहारी जेवण

नोव्हेंबरात मी आईसह ओसाकाहून कोयासान या जपानमधील डोंगरावरच्या बौद्ध मंदिरांच्या गावी जाणार असून तेथील एका मंदिरात एक रात्र मुक्काम आहे. मंदिरातील शोजिन ऱ्योरी या बौद्ध भिक्षूंच्या शाकाहारी जेवणात मांस-मासे, कांदा, लसूण नसतात आणि सारही कोंबू हे समुद्री शैवाल व शिताके अळंबी यांचे असते, त्यामुळे रात्रीची व सकाळची चिंता नाही. गोमा-दोफू या तिळाच्या, टोफूसारख्या मऊ पदार्थाची तर आईला आत्तापासूनच उत्सुकता आहे.

अडचण दुसऱ्या दिवशीच्या दुपारची आहे. ओकुनोइन या तेथील पवित्र दफनभूमीतली सुमारे 2 किलोमीटरची वाट चालून आल्यावर बाहेरच जेवावे लागेल, आणि सोबा-उदोन या नूडल्सच्या रश्श्यात बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो. मागच्या खेपेस भाषांतराच्या ॲपवर ‘मासे नकोत’ असे दाखवले, तेव्हा वरचे तुकडे तेवढे काढून रस्सा तोच, मोठ्या अगत्याने, पुढे आला. आईला दूध चालते, अंडे चालत नाही. गुडघ्यांमुळे खुर्ची लागते. मंदिरात दुपारचे जेवण मिळत नाही, हे विचारून झाले आहे.

रश्श्यातही मासा नको, हे नम्रपणे सांगणारे नेमके जपानी वाक्य कोणते, आणि निघताना मंदिरातूनच उमेबोशीच्या ओनिगिरी (खारवलेले आंबट फळ भरलेले भाताचे मुटके) बांधून मागणे तेथील रीतीला धरून होईल का?