सेकंड हँड गाडीचा एसी आणि हीटर: तुमचे अनुभव लिहा

जुनी गाडी घेताना आपण इंजिनचा आवाज ऐकतो, टायर बघतो, आरसी तपासतो. एसी मात्र मिनिटभर लावून "येतंय की गार" म्हणतो, तेही सकाळी आठला. आमच्या हॅचबॅकला दर उन्हाळ्यात गॅस लागतो. गॅरेजवाले म्हणतात, "गॅस संपला ताई, भरून देतो." पण हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळ्यांमध्येच फिरतो. मग जातो कुठे? तुमच्या गाडीचं दुखणं असं उलटून आलं असेल तर लिहा. शेवटी कशाने थांबलं तेही सांगा. कंपन्यांवरून भांडणं नकोत.

रत्नागिरीकर
ताई, गळती शोधल्याशिवाय गॅस भरूच नका. कंडेन्सर, म्हणजे गरम गॅस थंड करणारी कॉइल, असते पुढच्या जाळीमागे. खडी, चिखल सगळं त्याच्यावर, आणि आमच्याकडे वर खारं वारं. मी आधी नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते बघायला लावलं. चहा पिऊन येईपर्यंत काटा उतरलेला. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं आणि त्यावर धूळ बसते, त्यामुळे काळा चिकट डाग दिसला की संशय तिथेच घ्यायचा. माझ्या कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात तसाच डाग होता. साबणाचं पाणी लावताच बुडबुडे. कंडेन्सरसोबत ड्रायरही (गॅसमधली ओल शोषणारा डबा) बदलला आणि गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम नीट ओढायला, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओल काढायला लावली. हे शेवटचं काम घाईत टाळतात, समोर उभं राहून करून घ्या.

डोंबिवलीची सून
आमची हायवेला थंडगार, शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये भट्टी. गॅस पुरेसा होता. कंडेन्सरचा पंखाच मंद फिरत होता, गाडी उभी राहिली की हवा कुठून मिळणार? मोटर बदलली, संपलं.

निफाडवाला
सगळे एसीवर बोलतायत, मी हीटरवर बोलतो. इथे डिसेंबरात पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, आणि माझ्या गाडीचा हीटर कोमट फुंकर मारायचा. आधीच्या मालकाची गाडी उन्हाळ्यात तापायची म्हणून मिस्त्रीने थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकलेला! आपल्याकडचा हा आवडता जुगाड. इंजिन गरमच होत नाही, मग हीटर काय देणार? ॲव्हरेजही मार खातं. हायवेला काटा खाली पडत असेल तर हेच तपासा. थर्मोस्टॅट बसवला तरी काम अर्धंच झालं, कारण रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी. गंज जाऊन हीटरची कॉइल चोंदलेली. ती धुऊन घेतली, आता कूलंटच घालतो.

टोरांटोहून
इकडे हीटर गेला तर गाडी घरीच ठेवायची, काचच साफ होत नाही. आमच्या जुन्या गाडीत गोडसर वास आणि काचेवर तेलकट वाफ यायची. हीटर कोर, म्हणजे तीच हीटरची कॉइल, गळत होता. पार्ट स्वस्त, पण डॅशबोर्ड उतरवायची मजुरी बघून नवऱ्याने कपाळाला हात लावला.

पुणे ३८
ब्लोअर (आतला पंखा) फक्त चार नंबरवर चालत असेल तर त्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर गेलाय. अजिबात चालत नसेल तर फ्यूज बघा, नंतर उंदराने वायर कुरतडलीय का ते.

धागाकर्ती
रत्नागिरीकर, आज नायट्रोजन लावून आलो. कंडेन्सर शाबूत, गळती आतल्या कूलिंग कॉइलला निघाली. म्हणजे आमचाही डॅशबोर्ड उतरणार. तो परत बसवल्यावर खडखडतो असं ऐकलंय. कुणी करून घेतलंय का?

रत्नागिरीकर
क्लिपा तुटल्या की खडखडतो. नव्या क्लिपा आधीच आणून ठेवायला सांगा.