मदत हवी आहे: निकाल धुडकावला तर पुढे काय? आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल मुलांना काय सांगू?

नमस्कार मंडळी,

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांचा एक अभ्यासगट मी चालवते. पुढचा विषय आहे 'जागतिक संकटे आणि आंतरराष्ट्रीय कायदा'. विषय जाहीर करताच एका मुलीने विचारलं, "ताई, न्यायालयाने निकाल दिला आणि देशाने तो मानलाच नाही, तर कोण काय करतं?" तिला गुळमुळीत उत्तर द्यायचं नाहीये. युद्धाच्या बातम्या ही मुलं रोज बघतात, खोटा दिलासा त्यांना लगेच कळतो.

मला माहीत आहे ते असं. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल पाळला गेला नाही, तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम ९४ प्रमाणे दुसरा पक्ष सुरक्षा परिषदेकडे जाऊ शकतो. पण तिथे पाच कायम सदस्यांचा नकाराधिकार आडवा येतो. १९८६ मध्ये निकाराग्वा अमेरिकेविरुद्धचा खटला जिंकला आणि अंमलबजावणीसाठी परिषदेत गेला, तेव्हा ठराव अडवला तो खुद्द अमेरिकेनेच. शिवाय देशाची कुठल्या ना कुठल्या रूपात संमती असल्याशिवाय त्याच्यावर खटला उभाच राहत नाही.

तरीही हे सगळं कागदी आहे असं मला मनापासून वाटत नाही. २०१९ मध्ये प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी, म्हणजे माझ्या मुलांहून थोड्याच मोठ्या पोरांनी, हवामानबदलाचा प्रश्न या न्यायालयापुढे नेण्याचा ध्यास घेतला. वानुआतू सरकारने तो उचलून धरला, मार्च २०२३ मध्ये महासभेने तसा ठराव केला आणि २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने आपलं मत दिलं. पण ते 'सल्लागार मत', म्हणजे बंधनकारक नाही. मग त्याचं वजन नेमकं कशात आहे? आणि ओझोनच्या बाबतीत जे जमलं ते हवामानाच्या बाबतीत का जमत नाही? या दोन ठिकाणी माझी गाडी अडली आहे. जाणकारांनी मदत करावी.

सागरगोटा:
ताई, आधी ओझोनचं सांगतो, कारण मुलांना तिथे यंत्रणा दिसेल. १९८७ च्या माँट्रियल करारात सदस्य नसलेल्या देशांशी ओझोनचा थर खाणाऱ्या रसायनांचा व्यापार करायला बंदी घातली होती. बाहेर राहिलात तर बाजारपेठ गेली. विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत मिळाली आणि खर्चासाठी १९९० मध्ये वेगळा निधी उभा राहिला. ही रसायनं बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या आणि पर्यायही हाताशी येत होते. आज १९८ पक्ष त्यात आहेत आणि अंटार्क्टिकावरचा ओझोनचा थर साधारण २०६६ पर्यंत १९८० च्या पातळीला येईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. कोणालाही तुरुंगात न टाकता हे झालं.

हवामानबदलावरच्या पॅरिस करारात यातलं फारसं नाही. प्रत्येक देश आपलं उद्दिष्ट आपणच ठरवतो आणि पालन तपासणारी समिती कोणाला दंड करत नाही. त्याआधीच्या क्योटो करारात उत्सर्जन कमी करण्याचे आकडे बंधनकारक होते, तर कॅनडाने २०११ मध्ये सरळ बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. म्हणून 'बंधनकारक की नाही' यापेक्षा 'बाहेर राहणं परवडतं का' हा प्रश्न मुलांना द्या. कोळसा आणि तेल तर सगळ्या अर्थव्यवस्थांच्या मुळाशी आहे, तिथे हे गणित फार अवघड होतं.

पाणकळा:
सल्लागार मताबद्दल. मत बंधनकारक नसलं तरी ते ज्या कर्तव्यांचा अर्थ लावतं ती आधीपासून बंधनकारक असतात. 'आम्ही पॅरिस करारात नाही, म्हणून आम्हाला काही लागू नाही' ही पळवाट न्यायालयाने बंद केली. दुसऱ्याच्या पर्यावरणाला मोठी हानी होऊ न देण्याचं कर्तव्य रूढ कायद्यातूनही (करारात लिहिलेले नसले तरी देश बंधनकारक मानतात त्या नियमांतूनही) येतं, असं त्यांनी म्हटलं. कर्तव्य मोडलं आणि त्याचा नुकसानीशी पुरेसा थेट संबंध दाखवता आला, तर भरपाईचाही प्रश्न येतो.

आणि अशी मतं देशांतर्गत न्यायालयांत वापरली जातात, तिथे आदेशाला खरी धार असते. नेदरलँड्सचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मानवी हक्कांच्या युरोपीय कराराचा आधार घेऊन सरकारला बजावलं, की २०२० संपेपर्यंत उत्सर्जन १९९० च्या तुलनेत किमान २५ टक्क्यांनी कमी करा. मागणी एका संस्थेची आणि सामान्य नागरिकांची होती. आंतरराष्ट्रीय करार असा घरच्या न्यायालयाच्या दारातून आत येतो.

रानजाई:
युद्ध आणि नरसंहाराबद्दल मात्र मुलांना गोड बोलू नका, ही कळकळीची विनंती. २०१९ मध्ये गांबियाने रोहिंग्यांच्या बाजूने म्यानमारविरुद्ध दावा लावला. गांबियाचं स्वतःचं काहीच बिघडलं नव्हतं, तरी १९४८ च्या नरसंहारविरोधी कराराचा सदस्य म्हणून त्याला तो हक्क मिळाला, ही मोठी गोष्ट आहे. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने रोहिंग्यांच्या संरक्षणाचे आदेश दिले आणि दर सहा महिन्यांनी अहवाल मागितला. पण त्या आदेशांनी निर्वासितांना घरी परतता आलेलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत सांगा, एक झाकून दुसरी नको.

धागाकर्ती:
तिघांचेही मनापासून आभार. 'बाहेर राहणं परवडतं का' हा प्रश्न मी फळ्यावर लिहिणार आहे. निकाराग्वा आणि गांबिया एका तासात घेईन, ओझोन आणि हवामान दुसऱ्या. आता एकच विचारायचं आहे. जुलै २०२५ चं मत फार लांबलचक आहे. त्यातला भरपाईचा भाग मुलांकडून वाचून घ्यावा की पॅरिसबाहेरच्या देशांच्या कर्तव्याचा? वेळ एकाच भागाला मिळणार आहे. पाणकळा, तुम्ही ते वाचलेलं दिसतंय, तुम्हीच सुचवा.