विज्ञान आणि जागतिक अभ्यास यांची जोडपदवी : ‘भाराभर चिंध्या’ म्हणणाऱ्यांना उत्तर

रसायनवाल्या बाई, राजारामपुरी

परवा येथेच एका सद्गृहस्थांनी लिहिले की, बी.एस्सी.च्या जोडीला ग्लोबल स्टडीजची (मानवी हक्क, जागतिकीकरण अशा विषयांच्या जागतिक अभ्यासाची) पदवी घेणे म्हणजे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’; विज्ञानाची बुद्धी असेल तर विज्ञानच करावे आणि नसेल तर सरळ कलाशाखेला जावे. पहिल्या अर्ध्या वाक्यावर मतभेद होऊ शकतात, परंतु दुसऱ्या अर्ध्याने मला रात्री झोप लागली नाही. मी कोल्हापुरात २८ वर्षे अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवले आहे. ‘झेपत नसेल तर आर्ट्‌सला जा’ हे वाक्य ऐकून खाली मान घालून वर्गाबाहेर पडलेली मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या काहींना ते वाक्य मीही ऐकवले आहे, याचे मला आज वाईट वाटते.

माझी भाची यंदा बारावी झाली. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात आहे तशी जोडपदवी तिला करायची आहे: विज्ञानाची तीन वर्षांची आणि जागतिक अभ्यासाची तीन वर्षांची, दोन्ही मिळून चार वर्षांत. यात फसवाफसवी नाही. एकेरी पदवीत मोकळ्या ऐच्छिक विषयांसाठी ज्या जागा असतात, त्या जागी दुसऱ्या पदवीचे विषय येतात; विज्ञानाचा मुख्य विषय आणि त्याचे प्रयोग जागच्या जागी राहतात.

आपल्या शेजारच्या सांगलीच्या हळदीकडेच पाहा. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले आणि सीएसआयआर या भारत सरकारच्या संशोधन संस्थेने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झाले. तो लढा नव्या प्रयोगाने जिंकलेला नाही. हे ज्ञान आमच्याकडे आधीपासून लिहिलेले आहे, हे जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध समोर ठेवून परक्या देशाच्या कायद्यात बसेल अशा रीतीने मांडावे लागले. हळदीतल्या कर्क्युमिन या रसायनाची रचना काढता येणारे विद्यार्थी मी शेकड्यांनी घडवले, पण हे मांडता येईल असा एकही घडवला नाही.

करवीरचा भौतिकवाला

बाई, ते सद्गृहस्थ मीच. कलाशाखेबद्दलचे वाक्य मी रागाच्या भरात लिहिले, हे मान्य करतो. चिंध्यांबद्दलचे मात्र विचार करून लिहिले आहे.

आपण ज्या ‘मोकळ्या जागा’ म्हणता, त्याच जागांवर विद्यार्थी खोल जातो. भौतिकशास्त्राच्या मुलाने तेथे जास्तीचे गणित घ्यायचे असते. ते काढून तेथे मानवी हक्क आणि जागतिकीकरण बसवले की पदवी तीच दिसते, पण पाया अरुंद होतो. शिवाय तिकडे विज्ञानाचे ऑनर्सचे, म्हणजे संशोधनाचे, वर्ष वेगळे असते, म्हणजे संशोधनाकडे वळायचे ठरवले तर चाराची पाच वर्षे होतात. जयंत नारळीकर १९३८ मध्ये याच कोल्हापुरात जन्मले. त्यांनी गणिताचा हात धरला तो अखेरपर्यंत सोडला नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी सकाळी एका परकीय भाषेचा वर्ग लावला होता आणि प्रॅक्टिकलच्या बॅचला रोज पंधरा-वीस मिनिटे उशिरा पोहोचत असे. वार्षिक परीक्षेत स्पेक्ट्रोमीटर पुढ्यात आला. प्रिझमच्या टेबलाचे तीन स्क्रू मी फिरवत राहिलो आणि रेषा दुर्बिणीच्या मध्यावर काही येईना. बाहेरून आलेले परीक्षक मागे उभे राहून दहा मिनिटे पाहत होते व शेवटी एक शब्दही न बोलता पुढच्या टेबलाकडे गेले. ती भाषा आज मला येत नाही आणि स्पेक्ट्रोमीटरचे लेव्हलिंग मला पुढे नोकरीत शिकावे लागले.

खर्चाचेही बोला. व्हिसाचे शुल्कच १ जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे आणि वर्षभराच्या राहण्यासाठी २९,७१० डॉलर दाखवावे लागतात. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, पहिल्या पदवीला ती नाही. ज्या राजाने गावात जातीजातींच्या मुलांसाठी बोर्डिंगे उभी केली, त्याच्याच गावात ही पदवी फक्त पैसेवाल्यांची राहणार असेल, तर तिची भलामण कोणासाठी चालली आहे?

उद्यमनगरचा फौंड्रीवाला

सर, आपल्या परीक्षकांचे मला वाईट वाटले, पण एका स्क्रूवरून साऱ्या मुलांचे भविष्य ठरवू नका.

आमचा ओतीव लोखंडाचा माल (कास्टिंग) युरोपात जातो. तेथे कार्बनचा सीमाकर, म्हणजे माल बनवताना हवेत गेलेल्या कार्बनवरचा कर, आला आहे: ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती द्यावी लागत होती, १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष अंमल आहे. लोखंड-पोलाद त्यात आहे. सगळ्याच कास्टिंगना तो लागू होत नाही, पण गिऱ्हाईक तक्ता सगळ्यांनाच पाठवते. एक टन कास्टिंगमागे वीज किती युनिट, पिग आयर्न कोठून आले, वीज कोळशाची की सौर, असे त्यात विचारलेले असते. आमच्या लॅबमधला मुलगा रसायनाचा बी.एस्सी. आहे, हुशार आहे. लोखंडातला कार्बन तो दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत बिनचूक सांगतो. त्या तक्त्यातला कार्बन कोणता, तो कोणी कशासाठी मागितला आणि कोणत्या रकान्यात आपले नुकसान होते, हे त्याला उमगेना. आम्ही तो तक्ता पुण्याच्या सल्लागाराकडे पाठवला आणि जे बिल आले ते त्या मुलाच्या तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक होते. मला दोन माणसे नको आहेत. दोन्ही कळणारे एक हवे आहे.

शिरोळ तालुका

फौंड्रीचे राहू द्या, पाण्याचे बोला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात माळ्याच्या तुळईपर्यंत पाणी होते. आजही भिंतीवर त्याची तपकिरी रेघ आहे. दोनदा चुना मारला तरी ती वर येते. कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा आमच्याकडे चढतो, असे आमचे म्हणणे आहे. त्याची पाणीसाठ्याची पातळी ५१९.६० मीटर आहे आणि कर्नाटकाला ती ५२४.२५६ मीटर करायची आहे. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये तशी मुभा दिली आणि सर्वोच्च न्यायालयातल्या वादामुळे तो निवाडा वर्षानुवर्षे राजपत्राबाहेर राहिला. हे विज्ञान आहे की राजकारण? आमच्या बाजूने बोलणाऱ्याला दोन्ही येत नाही, म्हणून आम्ही बुडतो.

निवृत्त, पाटबंधारे

आपले दुःख खरे आहे, परंतु कारण चुकीचे आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीच्या फुगवट्यामुळे हा पूर आला नाही, असेच सांगितले. अतिवृष्टी, पूररेषेत झालेली बांधकामे, नदीपात्रातले अडथळे ही कारणे आहेत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी आहे. ती ओलांडली जाते तेव्हा भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी या खोऱ्यांत किती पाऊस झाला, हे आधी पाहावे. पाण्याला जागतिक अभ्यास कळत नाही, त्याला उतार कळतो.

शिरोळ तालुका

साहेब, आपण कार्यालयात बसून उतार पाहिलात, आम्ही नावेत बसून पाहिला. समितीचा अहवाल आम्हालाही माहीत आहे आणि त्यावर आक्षेप घेणारे अभ्यासकही याच जिल्ह्यात आहेत. कर्नाटकातल्या हिप्परगी बंधाऱ्याचे दरवाजे कधी उघडले आणि किती उघडले, ही माहिती वेळेवर मिळवायला आम्हाला कर्नाटकाच्या दारात का जावे लागते, याचे उत्तर आपल्या उतारात नाही. आयुष्यभर सरकारी पगार घेऊन आता आम्हालाच अडाणी ठरवू नका.

निवृत्त, पाटबंधारे

पगाराचा उल्लेख करण्याची गरज नव्हती. पुराच्या रात्री मी राधानगरी धरणावर होतो. स्वयंचलित दरवाजे एकामागून एक उघडत होते, आणि माझे स्वतःचे घर कोल्हापुरातल्या दुधाळीत पाण्यात असताना मी विसर्गाचे आकडे लिहीत होतो.

विसर्गाच्या माहितीबद्दल मात्र आपले म्हणणे नाकारता येत नाही. दोन राज्यांच्या समन्वयाच्या बैठकीला मी एकदा गेलो होतो. आमच्याकडे आकडे अचूक होते. समोरच्या अधिकाऱ्याने लवादाच्या निवाड्यातले कलम वाचून दाखवले आणि आमच्यापैकी कोणालाही त्याचा प्रतिवाद करता आला नाही. ते मला अजून लागते. अलमट्टीबद्दलचे माझे मत तरीही तेच आहे.

बी.एस्सी. भाग दोन

ऑस्ट्रेलिया परवडणार नाही अशांसाठी लिहिते. एकाच वेळी दोन पदव्यांना यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) एप्रिल २०२२ मध्ये परवानगी दिली आहे. दोन्ही प्रत्यक्ष वर्गाच्या असतील तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, नाहीतर एक दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन करता येते. मी सकाळी व्याख्याने आणि दुपारी प्रॅक्टिकल करून दूरशिक्षणाने राज्यशास्त्राची बी.ए. करते. गेल्या सत्रात दोन्हींच्या परीक्षा एकाच आठवड्यात आल्या. ज्या कार्यालयात विचारायला गेले, तेथे ‘असे चालत नाही’ असे सांगून परत पाठवले. परिपत्रक छापून नेल्यावर चालू लागले. सर म्हणतात तशी ओढाताण होते, हे खरे आहे. मात्र ती विषयांमुळे होत नाही. या दोन पदव्या एकमेकींना ओळखतच नाहीत. परदेशातली जोडपदवी मुळात एकत्र आखलेली असते, आमची आम्हीच दोरीने बांधतो.

रसायनवाल्या बाई, राजारामपुरी

पाटबंधाऱ्यांच्या साहेबांनी त्या बैठकीबद्दल लिहिले, ते वाचून मी थांबले. विज्ञानाबरोबर जगाचे व्यवहारही कळायला हवेत, असे माझी भाची म्हणते ते नेमके हेच आहे. खर्चाबद्दल सरांशी मी सहमत आहे. पहिल्या पदवीसाठी शिष्यवृत्ती हवी, आणि येथल्या विद्यापीठातच अशी एकत्र आखलेली पदवी हवी. ती असती तर या मुलीला परिपत्रक छापून दारोदार फिरावे लागले नसते.

करवीरचा भौतिकवाला

या मुलीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. एकत्र आखलेली पदवी आणि दोरीने बांधलेल्या दोन पदव्या यांत फरक आहे, आणि माझे स्वतःचे उदाहरण दुसऱ्या प्रकारचे होते. पाया अरुंद होतो, हे मत मी सोडत नाही. बाई, आपल्या भाचीच्या चारही वर्षांची सत्रवार विषयांची यादी पाठवा. प्रत्येक सत्रात निदान एक प्रयोगशाळेचा विषय असेल तर ‘चिंध्या’ हा शब्द मी येथेच मागे घेईन.

रसायनवाल्या बाई, राजारामपुरी

यादी आज रात्री पाठवते. तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात प्रयोगशाळा दिसत नाही, ते मी स्वतःच आधी सांगते.

करवीरचा भौतिकवाला

मग त्या सत्राबद्दल आपण भांडू. उरलेल्या सात सत्रांपुरता शब्द मागे घेतो.