हिमयुगांच्या कारणांत हवामानातल्या गोंधळाला जागा द्यायची की नाही?

सह्यकडा
२०२१चं भौतिकशास्त्राचं नोबेल मानाबे, हासेलमान आणि जॉर्जिओ पारिसी यांना मिळालं. पहिले दोघे हवामानवाले आणि पारिसी ‘स्पिन ग्लास’वाले (म्हणजे विस्कळीत रचनेच्या चुंबकीय पदार्थांचा अभ्यास करणारे), अशीच ओळख सगळीकडे करून दिली गेली. पण १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पारिसींनी बेंझी, सुतेरा, वुल्पियानी यांच्यासोबत थेट हिमयुगांवर काम केलंय. ते आजही पुरेशा गांभीर्याने घेतलं जात नाही, असं माझं ठाम मत आहे.

गेल्या आठेक लाख वर्षांत मोठी हिमयुगं साधारण १ लाख वर्षांच्या अंतराने आली. पृथ्वीची कक्षाही जवळपास त्याच लयीत कमी-जास्त लंबगोल होते. पण त्यामुळे वर्षभरात मिळणाऱ्या एकूण सूर्यउष्णतेत टक्क्याच्या एखाद-दुसऱ्या दशांशाचाच फरक पडतो. तेवढ्यावर उत्तर अमेरिकेत किलोमीटरभराहून जाड बर्फ कसा चढेल?

पारिसींच्या गटाचं उत्तर असं: हवामानाच्या दोन स्थिर अवस्था, थंड आणि उबदार, आणि मध्ये उंबरठा. कक्षेचा रेटा एकटा तो ओलांडू शकत नाही. पण हवामानात आपोआप होणारे अनियमित चढउतार, म्हणजेच गोंधळ, नेमक्या तीव्रतेचे असले, तर कक्षा अनुकूल असतानाच पलीकडे जाण्याची शक्यता वाढते. हाच स्टोकॅस्टिक रेझोनन्स. कॅथरीन निकोलिसही त्याच सुमारास स्वतंत्रपणे इथे पोचल्या. गोंधळ चाळून फेकून द्यायचा नसतो, तोही एक कारण असतो.

दर्यावर्दी
असहमत. कल्पना देखणी आहे, पुढे लेसरपासून क्रेफिश या गोड्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या प्राण्याच्या मज्जातंतूंपर्यंत उपयोगी पडली. हिमयुगांना मात्र ती लागू पडत नाही.

मुळात वर्षाची बेरीज बघायचीच कशाला? हिमयुगांचा कक्षेशी संबंध जोडणाऱ्या मिलँकोविच यांचा भर होता ६५ अंश उत्तरेच्या उन्हाळ्यावर. अक्षाचा कल आणि परांचन (अक्षाचं भोवऱ्यासारखं डोलणं) यांमुळे तिथलं ऊन दर चौरस मीटरला १०० वॅटच्या आसपास बदलू शकतं. हा रेटा दुबळा नाही!

दुसरं, बर्फाच्या साठ्याच्या आलेखाचा आकार बघा. बर्फ साठायला ८०-९० हजार वर्षं, वितळायला जेमतेम १० हजार. दोन अवस्थांमधल्या साध्या उड्यांतून असे करवतीचे दाते निघत नाहीत. २०१३मध्ये आबे-औची यांच्या गटाने मॉडेलमधून दाखवलं, की बर्फाच्या वजनाने खालची जमीन खचते, बर्फाचा माथा खालच्या, उबदार उंचीवर येतो आणि मग बर्फ झपाट्याने जातो. इथे गोंधळाची गरजच पडत नाही.

सह्यकडा
दात्यांचा आक्षेप त्या साध्या मॉडेलला लागू आहे, विचाराला नाही. गेल्या हिमयुगातल्या डान्सगार्ड-ओश्गर घटना घ्या: ग्रीनलंड काही दशकांत ८ ते १६ अंशांनी तापलं, तेही पंचवीसेक वेळा. कक्षेचं कोणतं घड्याळ एवढ्या वेगाने चालतं?

रानवाट
तुमचं दोघांचं वाचून एक प्रश्न पडला. निसर्गच अशा उड्या मारतो, तर आजच्या तापमानवाढीचं खापर माणसावर का?

दर्यावर्दी
@रानवाट, कारण मोजमाप आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात ८ लाख वर्षांची हवा अडकलेली आहे. त्यात कार्बन डायऑक्साइड ३०० पीपीएमच्या (दर दहा लाख भागांतले भाग) आसपासच थांबतो, आज तो ४२०च्या वर आहे. नैसर्गिक चढउतारांतून माणसाचा ठसा वेगळा काढायची रीत हासेलमाननीच घालून दिली. आणि मुंबईसमोरचा मैलोन्‌मैल समुद्र शेवटच्या हिमयुगात जमीन होता, पातळी सुमारे १२० मीटर खाली होती. एवढं हलू शकणाऱ्या व्यवस्थेला आणखी रेटा देणं ही चिंतेचीच बाब आहे.

सह्यकडा
इथे पूर्ण सहमत. मूळ मुद्द्यावर नाही.

दर्यावर्दी
मग निकाल बर्फावर सोडू. १० लाख वर्षांपूर्वी हिमयुगांची लय ४१ हजार वर्षांची होती, ती पुढे १ लाखापर्यंत कशामुळे लांबली? जानेवारी २०२५मध्ये युरोपीय चमूने अंटार्क्टिकातल्या लिटल डोम सी इथे २,८०० मीटर खोल जाऊन १२ लाख वर्षांहून जुना बर्फ काढला. त्या हवेत कार्बन डायऑक्साइड हळूहळू घटलेला दिसला, तर यासाठी गोंधळ लागत नाही हे माझं म्हणणं बळकट होईल.

सह्यकडा
त्याने उंबरठा का सरकला ते कळेल. तो नेमका कधी ओलांडला जातो, हा प्रश्न तरीही राहतो, आणि तिथे पारिसी लागतीलच.